अक्षरांवर धातू चढवताना

पिवळा रंग भरायचा, बेव्हलसमोर (अक्षरांच्या कडांना उठाव देणारी सोय) टिक करायची, खाली थोडी सावली टाकायची आणि म्हणायचं, झालं सोनं. फोटोशॉप नव्यानं हाताळणारा जवळजवळ प्रत्येक जण या वाटेनं जातो. हाती जे लागतं ते मात्र साबणाच्या वडीसारखं दिसतं: गुळगुळीत, गुबगुबीत आणि कुठल्याही बाजूनं धातू नसलेलं. मला एका मुखपृष्ठासाठी ‘वज्र’ हे शीर्षक करायचं होतं. दोनच अक्षरं, पण एक रूप पोलादी आणि दुसरं सोनेरी, अशी मागणी होती. म्हटलं, या वेळी तयार स्टाइल डकवायची नाही, मुळापासून करून बघायचं.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी एक स्टीलचा चमचा दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसले. बघताना सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे, की चमच्याचा निम्माअधिक भाग चक्क काळा किंवा गडद राखाडी आहे. पांढरा पट्टा अगदी अरुंद, आणि त्याला खेटूनच काळी रेघ. मध्ये हळूहळू उतरणारी छटा नाहीच. पांढरं संपतं तिथंच काळं सुरू होतं. चमचा जरा कलता केला की ते पट्टे वाकत, ताणले जात कडेकडे पळतात. चमच्याचा असा स्वतःचा रंग शोधायला गेलं तर सापडत नाही. खिडकी, दिवा, माझा हात, टेबलाची कड एवढंच त्यात दिसतं.

प्लास्टिकचं तसं नसतं. त्यावर पडलेल्या प्रकाशातला बराचसा आत शिरून, रंग घेऊन सगळीकडे विखुरतो, त्यामुळे वस्तूचा रंग कुठूनही सारखा दिसतो. वर जी लहानशी चमक असते ती पांढरीच असते, मग वस्तू लाल असो की निळी. धातूत हे विखुरणं जवळजवळ नसतं. प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो आणि परततानाच धातूचा रंग घेतो. चांदी दिसणारा प्रकाश जवळपास सगळाच परत करते म्हणून ती पांढरी दिसते. सोनं निळा प्रकाश बराचसा गिळतं म्हणून पिवळं, आणि म्हणूनच सोन्याची चमकही पिवळसरच असते. पिवळ्या अक्षरावर पांढरीशुभ्र कड चढवणारं बेव्हल प्लास्टिक का दिसतं, याचं उत्तर इथं आहे. बेव्हल आपल्या परीनं प्लास्टिकच काढत असतं.

तेव्हा करायचं काम असं ठरलं: अक्षरांना उंचसखलपणा द्यायचा, आणि त्या चढउतारांवर आजूबाजूचं काहीतरी उमटवायचं. रंग सगळ्यात शेवटी.

आधी टाइपची भानगड. देवनागरी जोडाक्षरं फोटोशॉपमध्ये नीट यायची असतील तर 2022 च्या आधीच्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइपच्या पानावर वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागायचं. त्याहून जुन्या आवृत्त्यांत हाच पर्याय मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन या नावानं असायचा. ते नसेल तर ‘ज्र’ फुटून ज आणि र वेगळे उभे राहतात, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. फाँट जाडच हवा. धातूला अंग लागतं, बारीक फाँटवर उतार मावत नाहीत. ‘ज्र’मधली र-ची तिरपी रेघ बहुतेक फाँटमध्ये किरकोळ असते, ती मी आकारात रूपांतर करून हातानं जाड केली. शिरोरेखेचंही बघावं लागतं. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की ती तुटते, आणि दोन अक्षरांमधली केसभर फट आपल्या डोळ्याला दिसली नाही तरी बेव्हल ती बरोबर हेरतं आणि तिथं अख्खी खाच पाडतं. त्यामुळे अक्षरं आकारात बदलल्यावर दोन्ही शिरोरेखा एकमेकींत घुसवून युनाइट केल्या.

फाइल 16 बिटची घेतली. हा हट्ट उगाच नव्हता, पुढे कर्व्हजपाशी त्याचं कारण येईल.

अक्षरांत 128, 128, 128 हा बरोबर मधला राखाडी रंग (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा) भरला आणि बेव्हल अँड एम्बॉस उघडलं. इनर बेव्हल, टेक्निक स्मूद. इथली महत्त्वाची गोष्ट म्हणजे साइझ. माझ्या अक्षरांचा उभा दंड 120 पिक्सेल जाड होता. साइझ 15-20 ठेवली तर फक्त कडा उतरत्या होतात आणि मधला भाग सपाट राहतो. सपाट भागावर सगळीकडे एकच छटा, म्हणजे तिथं चमकायला काही उरतच नाही. दोन्ही कडांचे उतार मध्यावर येऊन भेटायला हवेत, म्हणून साइझ 60च्या आसपास नेली. सॉफ्टन थोडं वाढवलं. हायलाइट आणि शॅडो दोन्हींची अपारदर्शकता अशी बेतली की सगळ्यात उजळ जागा पूर्ण पांढरी होऊ नये आणि सगळ्यात गडद जागा पूर्ण काळी होऊ नये. या पायरीवर अक्षरं ओल्या सिमेंटची वाटतात. वाटू द्यावीत. इथंच देखणेपणा आणायला गेलं की पुढच्या पायरीला कामाला येणाऱ्या मधल्या छटा हातच्या जातात.

स्मूदऐवजी चिझल हार्ड घेतलं तर दंडाच्या मध्यावर धारदार कणा उठतो, आणि दंड शिरोरेखेला मिळतो तिथं छिन्नीनं कोरल्यासारख्या तिरप्या रेघा पडतात. पोलादी रूपासाठी मी तेच वापरलं. सोन्याला मात्र गोलाई शोभते, त्याला स्मूदच.

मग तो लेयर स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (मूळ शाबूत ठेवणाऱ्या वेष्टणात) गुंडाळला आणि त्याला क्लिप करून, म्हणजे फक्त त्याच्यापुरता, वर कर्व्हज अॅडजस्टमेंट लेयर टाकला. खरी गंमत इथं आहे.

कुठली छटा कुठल्या छटेत बदलायची ते कर्व्हजची रेघ ठरवते. ती नेहमी खालून डावीकडून वर उजवीकडे जाते: गडद ते गडद, उजळ ते उजळ. फोटो सुधारताना आपण तिला फार तर हलकासा बाक देतो. धातूसाठी तिला सरळ नागमोडी करायची. मी साधारण असे बिंदू टाकले (पहिला आकडा मूळ छटेचा, दुसरा नव्या छटेचा): 0 वर 40, मग 50 वर 210, 95 वर 20, 140 वर 235, 185 वर 60 आणि शेवटी 225 वर 255. म्हणजे सावलीकडून उजेडाकडे जाणारा एकच सौम्य उतार आता उजळ, काळा, उजळ, काळा, उजळ असे हेलकावे खात जातो. पहिले तीन बिंदू टाकेपर्यंत काहीतरी बिघडलंय असंच वाटतं. चौथा पडला की सिमेंटचं क्रोम होतं, आणि तेही एकदम.

यात मी नुसती खेळत किती वेळ घालवला ते सांगण्यात अर्थ नाही. 95 वरचा बिंदू माउसनं धरून उजवीकडे सरकवला की ‘व’च्या पोटातली काळी रेघ गोलाईवरून घरंगळत जाते, दंडापाशी येते आणि पातळ होते. डावीकडे नेला की तीच कडेला जाऊन जाड बसते. दोन बिंदूंमधला चढ जितका खडा, तितकी पांढऱ्या-काळ्याची हद्द धारदार. चढ सौम्य ठेवला की धातू घासलेला, मळकट वाटतो. पॉलिश किती झालंय हे ठरवणारी वेगळी पट्टी सॉफ्टवेअरमध्ये कुठं नाही. ते काम हा चढच करतो. आणि चमच्यात दिसलं तेच इथंही: 95 वर 20 ऐवजी 90 ठेवून बघितलं, पांढऱ्याला हातही लावला नाही, तरी सगळी झळाळी उतरली. काळं गेलं की पांढरंही निस्तेज पडतं. मी तेव्हापासून चमक वाढवायची झाली की आधी काळ्याकडे जाते.

आता 16 बिट का ते. 8 बिटच्या फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनलला 256च पायऱ्या असतात. कर्व्हजच्या खड्या चढावर मूळच्या चाळीस-पन्नास पायऱ्या ताणून दीड-दोनशेंवर पसरवल्या जातात. मधल्या जागा भरायला काही नसतंच, मग गोलाईवर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उठतात. हिस्टोग्राम (कुठली छटा किती आहे ते दाखवणारा आलेख) उघडला तर कंगव्याचे दात दिसतात. 16 बिटमध्ये फोटोशॉप बत्तीस हजारांहून जास्त पायऱ्या मोजतं, त्यामुळे कितीही पिळलं तरी पट्टे दिसत नाहीत. आधी 8 बिटमध्ये बेव्हल सपाट करून मग मोड बदलण्यात काही हशील नाही, गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत.

हीच करामत बेव्हलच्या आत ग्लॉस काँटूर नावानंही बसवलेली आहे. तिथली रिंग-डबल निवडली तर पट्टे लगेच येतात, आणि मजकूर टाइप म्हणूनच राहतो, बदलता येतो. घाईच्या कामाला ते उत्तम. शेजारचं अँटी-अलायस्ड तेवढं न विसरता टिक करावं, नाहीतर पट्ट्यांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. मला कर्व्हज जास्त पटतात कारण खाली कितीही लेयर असले तरी ते सगळ्यांवर एकत्र चालतात. बेव्हलसारखे हे तयार परिणाम फोटोशॉपमध्ये लेयर इफेक्ट्स या नावानं आले 1998 मध्ये, पाचव्या आवृत्तीत. त्याआधी लोक अक्षराची प्रत अल्फा चॅनलमध्ये (रंगांपलीकडच्या जादा राखाडी चॅनलमध्ये) नेऊन, तिला धूसर करून, त्यावरून उजेड-सावली काढत आणि शेवटी कर्व्हजनं पिळत. जुनी रीत आहे, पण अजून तिच्याइतका ताबा दुसऱ्या कशात नाही. गिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर तीच सोयीची: धूसर केलेली प्रत, तिच्यावरून उठाव काढणारा बम्प मॅप फिल्टर आणि वर कर्व्हज. 2018 च्या 2.10 आवृत्तीपासून गिंपलाही 16 आणि 32 बिट चालतं, त्यामुळे पट्ट्यांची तक्रार तिथंही राहिलेली नाही. फोटोशॉपच्या फिल्टर गॅलरीत स्केचखाली क्रोम नावाचा तयार फिल्टर आहे. डीटेल आणि स्मूदनेस अशा दोन पट्ट्या, आणि निकाल म्हणजे वितळलेलं काहीतरी. त्याच्या वाटेला जाऊ नये.

पोलादी रूपाला अजून एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे क्षितिज. एअरब्रशनं चित्रं काढणारे लोक क्रोम रंगवताना एक ठरलेली युक्ती करत: वर आकाश, खाली जमीन. वरून गडद निळा सुरू होऊन खाली येता येता फिका, क्षितिजाशी जवळजवळ पांढरा, तिथं एकदम गडद तपकिरी रेघ, आणि खाली पुन्हा हळूहळू उजळ. एका रंगातून दुसऱ्यात उतरणारी छटा चढवणाऱ्या ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये हे सहज जमतं. पांढऱ्याचा आणि गडद तपकिरीचा असे दोन थांबे (ग्रेडियंटमधल्या रंगांच्या जागा) अगदी एकावर एक ढकलायचे, म्हणजे हद्द कापल्यासारखी येते.

पण सरळ रेघ अक्षरांवरून तशीच आडवी गेली तर रंगवलेली पट्टी वाटते. तिला अक्षरांच्या गोलाईप्रमाणे वाकवायला डिस्प्लेस फिल्टर लागतो. त्याला नकाशा म्हणून एक वेगळी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची, फाइल द्यायची, जिच्यात अक्षरांची धूसर केलेली राखाडी प्रत असते. त्यात 128 असेल तिथले पिक्सेल जागचे हलत नाहीत, त्याहून उजळ आणि त्याहून गडद जागी ते विरुद्ध दिशांना सरकतात. ग्रेडियंट आधी साध्या लेयरवर काढून घेतला, उभा आकडा 40 आणि आडवा 10 दिला, आणि क्षितिज ‘व’च्या पोटात वाकून दंडावर पुन्हा सरळ झालं. नकाशाची फाइल मूळ फाइलच्याच मापाची ठेवायची, नाहीतर तो ताणला जातो आणि वळणं भलत्याच जागी पडतात.

रोमन अक्षरांसाठी सांगितलेलं इथं जसंच्या तसं चालत नाही. देवनागरीला आधीच एक ठसठशीत आडवी रेघ असते. क्षितिज जरा वर घेतलं की ते शिरोरेखेला समांतर जाऊन दुसरी शिरोरेखाच वाटतं आणि अक्षर वाचताना डोळा अडखळतो. मी ते अक्षराच्या निम्म्याहून खाली ओढलं, जिथं ‘व’ची आणि ‘ज’ची गोलाई आहे. मग शिरोरेखेवर फक्त आकाश उरलं, ती थोडी एकसुरी दिसायला लागली, म्हणून तिच्यावर एक वेगळा लेयर टाकला: घराच्या आतला साधासा फोटो, भरपूर धूसर केलेला, त्याच नकाशानं डिस्प्लेस केलेला, खालच्या रंगात हलकेच मिसळणाऱ्या सॉफ्ट लाइट मोडमध्ये 25 टक्क्यांवर. त्यातलं काय काय दिसतंय हे कुणालाही ओळखता येत नाही, पण पट्ट्यांचं आखीवरेखीवपण मोडतं. हा फोटो झाकला आणि दाखवला की फरक लगेच कळतो.

सोन्याचा रंग चढवायला ग्रेडियंट मॅप, म्हणजे गडदपासून उजळपर्यंतच्या प्रत्येक छटेला एकेक रंग नेमून देणं. वेबवर ‘गोल्ड’ नावाचा जो रंग मिळतो तो 255, 215, 0. तो नुसता पिवळा आहे, आणि एकट्या रंगानं सोनं होतच नाही. मी पाच थांबे ठेवले: तळाला काळ्याजवळचा तपकिरी 46, 24, 6; मग 140, 86, 22; मध्ये 212, 160, 60; वर 250, 222, 140; आणि अगदी टोकाला 255, 250, 228, म्हणजे सायीसारखा पांढरा. सावलीकडे जाताना रंग लालसर होतो आणि उजेडाकडे जाताना लिंबाकडे झुकतो, ही गोम. काळा-पिवळा-पांढरा असा सरळ ग्रेडियंट लावला की सावल्यांत हिरवट झाक येते आणि सोनं पितळेकडे सरकतं. पितळच हवं असेल तर अर्थात उत्तम. तांब्यासाठी मधले थांबे गुलाबीकडे न्यायचे, पोलादासाठी सावल्यांत किंचित निळा घालायचा, मी 14, 18, 26 घेतला.

अक्षरांमागे घासलेल्या पत्र्याची पार्श्वभूमी हवी होती. ही रीत सगळ्यांना ठाऊक असते: राखाडी लेयर, अॅड नॉइजमध्ये मोनोक्रोमॅटिक, मग मोशन ब्लर शून्य अंशात. कडांजवळ ओरखडे ताणून चिकटतात म्हणून कॅनव्हास मोठा घ्यायचा आणि मग कापायचा. फारसं कुणी करत नाही ते पुढचं. आडव्या ओरखड्यांच्या पत्र्यावर उजेडाचा पट्टा ओरखड्यांना काटकोनात, म्हणजे उभा पसरतो. बरेच जण तो आडवा टाकतात आणि मग पत्रा कागदाचा का वाटतोय ते कळत नाही. गोल फिरवून घासलेल्या चकतीवर हाच नियम लावला की मध्यापासून फाकणारे पंख्यासारखे पट्टे येतात. त्यासाठी अँगल प्रकारचा ग्रेडियंट, आणि नॉइजला रेडियल ब्लर, स्पिन.

शेवटचे हात फिरवताना वाटेल तिथं चांदण्या टाकायचा मोह होतो. चार टोकांची ती ताऱ्यासारखी चमक मला मुळीच आवडत नाही. एका नव्या लेयरवर, खालचं उजळवणाऱ्या कलर डॉज मोडमध्ये, फिकट ब्रशनं फक्त तीन-चार कोपऱ्यांवर टिंब दिली, तीही जिथं चिझलच्या धारा एकमेकींना भेटतात तिथंच. मग सगळ्यावर एक टक्का नॉइज. अगदी स्वच्छ ग्रेडियंट छपाईत पट्टेदार होतात, हा बारीक रवा ते टाळतो.

छपाईवरून आठवलं. पडद्यावरचं हे सगळं वैभव सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, गेलं की निस्तेज होतं. पडद्यावर पांढरं म्हणजे दिव्याचा उजेड, कागदावर पांढरं म्हणजे कोरा कागद, आणि चार शाईंपैकी एकीतही धातू नाही. सोन्यातला तो तळपता पिवळा-नारिंगी पट्टा मेणचट होतो. छपाईत रंग कसे दिसतील ते पडद्यावर दाखवणारे प्रूफ कलर्स चालू करून काम केलं तर निदान धक्का बसत नाही. मी दोन्ही रूपांत मधल्या छटा थोड्या उतरवल्या, काळं मात्र तसंच राखलं, आणि पोलादी रूप छपाईत बऱ्यापैकी टिकलं. सोनेरी नाही टिकलं.

त्यामुळे सोनेरी शीर्षक फॉइलनं, म्हणजे कागदावर ठोकून बसवायच्या धातूसारख्या चकचकीत पापुद्र्यानं, करायचं ठरलं. फॉइलसाठी छापणाऱ्याला काय द्यावं लागतं? नुसती काळी, सपाट अक्षरं, व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी आखलेली. ना बेव्हल, ना कर्व्हज, ना ग्रेडियंट. कागदावरच्या फॉइलमध्ये खरी खिडकी आणि खरा दिवा उमटतो, तिथं आपण काढलेल्या प्रतिबिंबाला काही काम नसतं. फोटोशॉपमधलं सोनं मग फक्त पडद्यावरच्या जाहिरातीला वापरलं. आकारात बदललेली मूळ अक्षरं सुदैवाने वेगळी जपलेली होती, तीच पाठवली. त्यात एकच बदल केला: ‘ज्र’ची ती तिरपी रेघ आणखी थोडी जाड, कारण फॉइल बारीक रेघेवर तुटण्याची भीती असते.